म्हैसूरची नृत्यसंध्या

म्हैसूरला जाणारे मराठी पर्यटक बहुधा घाईत असतात. सकाळी चामुंडी टेकडीवर देवीचे दर्शन, मग राजवाडा, दुपारी रेशमी साड्या आणि चंदनाच्या वस्तूंची खरेदी, संध्याकाळी वृंदावन उद्यानातील कारंजी आणि दुसऱ्या दिवशी उटीची वाट! या धावपळीत शहराची एक मोठी देणगी पाहायची राहून जाते. ती म्हणजे येथील नृत्याची मैफल. तिला आवर्जून हजर राहणाऱ्यांमध्ये मात्र परदेशी जोडपी हमखास दिसतात.

ही जोडपी योग शिकायला आलेली असतात. पट्टाभि जोइस (१९१५-२००९) यांच्या अष्टांग योगामुळे गोकुळम हा भाग जगभर प्रसिद्ध झाला. येथे घर भाड्याने घेऊन ती दोन-तीन महिने राहतात. पहाटेच्या सरावासाठी रात्री लवकर झोपायचे, हा त्यांचा शिरस्ता; पण दसऱ्याच्या दिवसांत तो मोडतो. संध्याकाळ झाली की रिक्षा करून ती राजवाड्याकडे निघतात.

दिव्यांच्या साक्षीने

म्हैसूरच्या वडियार राजघराण्याने १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे दसरा महोत्सव सुरू केला. पुढे तो म्हैसूरला आला. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये आगीत भस्मसात झाल्यावर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने आजचा राजवाडा उभारला. तो १९१२ मध्ये पूर्ण झाला. अंधार पडताच सुमारे एक लाख दिवे एकदम उजळतात आणि समोरच्या गर्दीतून ‘अहाहा’ असा एकच उद्गार निघतो. महोत्सवात याच राजवाड्यासमोर रंगमंच उभारून गायन, वादन व नृत्याचे कार्यक्रम होतात.

आपल्या देशात बॅले पाहिलेल्या पाहुण्यांना येथे सारेच उलटे वाटते. बॅलेतील नर्तकी पायाच्या बोटांवर उभी राहते. जणू जमीन सोडून उडायला निघाली आहे. भरतनाट्यम करणारी नर्तकी गुडघे वाकवून, अख्खा तळपाय जमिनीवर आपटत ताल धरते. बॅलेचा वाद्यवृंद रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसतो. येथे गायक, मृदंगवादक आणि बोल म्हणणारे गुरू रंगमंचावरच एका बाजूला बसलेले असतात. शब्द कळत नसले, तरी रुसलेली नायिका आणि खोड्या करणारा कृष्ण कोणालाही कळतो.

दरबार गेला, नृत्य राहिले

चेहऱ्यावरचा अभिनय हेच म्हैसूर शैलीचे वैशिष्ट्य. एकच ओळ गायक पुन्हा पुन्हा गातो आणि नर्तकी दर वेळी तिचा वेगळा अर्थ दाखवते. या शैलीच्या थोर गुरू जट्टी तायम्मा (१८५७-१९४७) या एका पहिलवानाच्या कन्या आणि दरबारी नर्तकी होत्या. त्यांच्या शिष्या के. वेंकटलक्षम्मा यांचा जन्म १९०६ मध्ये लंबाणी, म्हणजे आपल्याकडच्या बंजारा समाजात झाला. आठव्या वर्षी त्या गुरूकडे आल्या आणि १९३९ मध्ये दरबारात नर्तकी झाल्या.

पुढे संस्थान विलीन झाले, दरबार संपला. राजाश्रयावर जगणारी कला अशा वेळी सहज लयाला गेली असती. पण १९६५ मध्ये वेंकटलक्षम्मा म्हैसूर विद्यापीठात नृत्य शिकवू लागल्या आणि दरबाराची विद्या सामान्य घरातल्या मुलींपर्यंत पोहोचली. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी दूर अर्जेंटिनात इंद्रादेवी वारल्या. रिगा शहरात १८९९ मध्ये जन्मलेली ही रशियन नटी व नर्तकी मुंबईत राहत होती. तिचे पती चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीत अधिकारी होते. म्हैसूरला तिने टी. कृष्णमाचार्यांकडे योग शिकण्याचा हट्ट धरला. परदेशी, त्यातून स्त्री, म्हणून त्यांनी प्रथम नकारच दिला. पण महाराजांनी शब्द टाकला आणि १९३७-३८ च्या सुमारास तिला प्रवेश मिळाला. पट्टाभि जोइस हेही कृष्णमाचार्यांचेच शिष्य. गोकुळममध्ये आज राहणाऱ्या जोडप्यांची वाट अशी जुनी आहे!

कृष्णमाचार्यांची योगशाळा जगनमोहन राजवाड्यात भरत असे. १८६१ मध्ये बांधलेल्या या वास्तूतील सभागृहातही संगीत-नृत्याचे अनेक कार्यक्रम झाले आहेत. १९१५ पासून येथे चित्रसंग्रहालय आहे. हातातल्या दिव्याच्या प्रकाशात उजळलेल्या तरुणीचे येथील विख्यात जलरंगचित्र आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे आहे. त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती.

एक रात्र जास्त

बंगळूर ते म्हैसूर हे अंतर सुमारे १४५ किलोमीटर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दसऱ्यात जायचे, तर हॉटेलचे आरक्षण बरेच आधी करावे. राजवाड्याखेरीज कलामंदिर, टाऊन हॉल येथेही कार्यक्रम होतात. रोजची कार्यक्रमपत्रिका पाहून निवड करावी. वेळेआधी गेल्यास पुढे बसायला मिळते आणि अभिनय पाहायचा, तर पुढेच बसायला हवे.

दिव्यांचे छायाचित्र दोन मिनिटांत निघते. नृत्याला मात्र निवांत दोन तास द्यावे लागतात. ज्या कलेचा राजा गेला, तिचा आश्रय आता समोरच्या खुर्च्यांवर बसणारे प्रेक्षकच आहेत. त्यांपैकी काही खुर्च्यांवर सातासमुद्रापलीकडून आलेली माणसे मांडी ठोकून बसत असतील, तर शेजारच्या राज्यातून आलेल्या मराठी कुटुंबाने उटीची गाडी एक दिवस उशिरा पकडायला काय हरकत आहे?