कमी चाललेली गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘कमी चाललेली’ याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. कोथरूडमध्ये राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांना 2014 सालची कॅमरी हायब्रिड दाखवताना विक्रेत्याने पहिल्यांदा हेच सांगितलं. मालक बहुतेक वेळ परदेशात असतात, गाडी पार्किंगमध्येच उभी असते. साध्या पेट्रोल गाडीसाठी ही जमेची बाजू ठरली असती. हायब्रिडच्या बाबतीत मात्र चौकशी इथूनच सुरू करावी लागते.

मोह पडावा अशीच ही गाडी आहे. टोयोटाने 2013 मध्ये ती भारतात आणली तेव्हा तिची किंमत तीस लाखांच्या घरात होती. 2017 मध्ये जीएसटी आला, हायब्रिडवर उपकर धरून 43 टक्के कर बसला आणि ती आणखी महागली. आज तीच गाडी नव्या हॅचबॅकच्या पैशांत मिळू शकते. अडीच लिटरचं इंजिन, ऐसपैस मागची सीट. आणि सिग्नलला इंजिन बंद झालं तरी एसी चालूच. हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत रोज अडकणाऱ्याला याचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

घरी प्रश्न एकच होता : “बॅटरी गेली तर केवढ्याला पडेल?”

मागच्या सीटच्या पाठीशी निकेल-मेटल हायड्राइडची 34 मॉड्यूल्स ओळीने जोडलेली असतात. सगळी मिळून सुमारे 245 व्होल्ट. त्यातलं एक दमलं की बाकीची 33 ठणठणीत असूनही सगळा संच अडतो. जोडीतला एक बैल बसला की नांगर जागेवरच. शिवाय ही बॅटरी चालण्याइतकीच उष्णतेने आणि नुसतं उभं राहण्यानेही झिजते. महिनोन्महिने पडून असलेल्या गाडीत प्रत्येक मॉड्यूलचा चार्ज कमी-जास्त वेगाने उतरतो आणि त्यांच्यात तफावत पडत जाते.

उलट चालत्या गाडीचं उदाहरण बोलकं आहे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकाने 2011 मध्ये सव्वातीन लाख किलोमीटरांहून अधिक चाललेली 2002 ची प्रियस तपासली. दहा वर्षांपूर्वी जवळजवळ नव्या प्रियसच्या चाचणीत जे मायलेज मिळालं होतं, तेवढंच जवळपास हिनेही दिलं. अर्थात तो एका गाडीचा दाखला. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर तापणाऱ्या गाडीला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून या गृहस्थांनी रंग आणि टायर पाहण्याआधी बॅटरीला हवा पुरवणारी जाळी शोधली. बॅटरी थंड ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. जाळीवर धूळ आणि सीटच्या कापडाचे तंतू यांचा करडा थर बसला होता, बोटाने ओढला तर सलग पट्टीसारखा निघाला. “लाइट तर लागलेला नाही ना,” विक्रेता म्हणाला. पण इशाऱ्याचा दिवा उशिरा लागतो, आणि स्कॅनर लावून तो तात्पुरता घालवताही येतो. खरं चित्र चालत्या गाडीत दिसतं. पडद्यावरचा बॅटरीचा आलेख भराभर भरत आणि तितक्याच झपाट्याने रिकामा होत असेल, तर तिची साठवणक्षमता घटली आहे असं धरावं. त्याहून खात्रीचं म्हणजे स्कॅनरवर प्रत्येक ब्लॉकचं, म्हणजे मॉड्यूल्सच्या गटाचं, व्होल्टेज, तेही गाडीवर ताण असताना.

एखादं जुनं मॉड्यूल बदलून ‘बॅटरी केली’ असं सांगणाऱ्या गॅरेजवर भरवसा ठेवू नये. आज एक बदललं तर सहा महिन्यांनी शेजारचं बसतं.

कागदांचं गणित सोपं आहे. 2014 च्या नोंदणीची पंधरा वर्षं 2029 मध्ये भरतात, म्हणजे फेरनोंदणीचा खर्च फार लांब नाही.

गृहस्थांनी नव्या बॅटरीचं कोटेशन सर्व्हिस सेंटरकडून लेखी घेतलं आणि ती रक्कम वजा करून भाव सांगितला. त्या भावात, ब्लॉकचे आकडे सारखे आले तर, रोजच्या शहरी रांगेसाठी ही गाडी घेण्यासारखी आहे. हेच गृहस्थ दर शनिवारी कोल्हापूर गाठणारे असते, तर त्याच पैशांत साधी पेट्रोल सेदान बरी. हायवेवर एकसारख्या वेगात ब्रेकमधून वीज परत मिळवण्याची संधी क्वचितच येते.