बिनतारणाचे घर

बँकेच्या कर्ज विभागात २० वर्षे काढलेल्या माणसाने झाडावर चढू नये. पण मे महिन्यात आगरदांड्याला आईकडे गेलो, की आंबे काढायची हौस येते. फांदीला हात लावला मात्र, तांबड्या मुंग्या, म्हणजे आमचे ओंबील, थेट बनियनमध्ये! माझी आरोळी म्हणे दिघीच्या बोटीपर्यंत ऐकू गेली.

"बाबा, त्यांनी पानांचं घर शिवलं कशानं?" धाकटीला याच वेळी शंका.

अंग चोळत मी सांगू लागलो. मुंग्या रांगेने पानाची कड ओढतात. दुसरे पान लांब असेल, तर एकमेकींची कंबर धरून साखळी करतात. मग काहीजणी अळ्या तोंडात धरून धोट्यासारख्या या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. रेशीम अळ्यांपाशीच, मोठ्यांपाशी नाही. अळी स्वतःचा कोश विणत नाही, सगळे रेशीम घराला देते. ना जामीन, ना तारण, घर तयार!

"राखण कोण करतं?"

"म्हाताऱ्या मुंग्या. तरुण आत बाळं सांभाळतात. वय झालं, की सरहद्दीवरच्या घरट्यात रवानगी."

"आपल्या आजीसारखी?"

मी चोळायचा थांबलो. आम्ही तिघे भाऊ मुंबईत. कौलांखाली एकटी आई.

तिने खोबरेलाची वाटी पुढे केली. "लाव. आणि घरटं मोडू नको हो. ते आहेत म्हणून आंबे राहतात. मी एकटी कुठं कुठं बघू?"