धाता की दाता

गेली तीस वर्षं मी एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचतो. हे कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी छापखान्यात शिकलो म्हणून सांगतो. शिकवणारे जुळारी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात एकच छापखाना होता. १९७४च्या मे महिन्यात, सातवीची परीक्षा आटोपल्यावर, उन्हात हुंदडायला नको म्हणून वडिलांनी मला तिथे नेऊन बसवलं. अण्णा प्रूफ तपासत तेव्हा शेजारी बसून मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, एवढंच काम. एरवी मी त्यांचे हात बघत बसायचो. अक्षरांचे खिळे जुळवताना ते खिळ्यांच्या खणांकडे, म्हणजे केसकडे, बघतही नसत. उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचत. शाळेत अक्षर म्हणजे उच्चार होता. इथे ते शिशाचं होतं, त्याला वजन होतं, आणि पायावर पडलं तर लागत होतं.

लग्नसराई होती. गुलाबी कागदावर मंगलाष्टकं छापून मांडवात वाटायची तेव्हा पद्धत होती. एका घरातून नवरीच्या आजीनं स्वतः रचलेली मंगलाष्टकं आली. शार्दूलविक्रीडित, चरणाला एकोणीस अक्षरं, सगळं चोख. मी वाचत गेलो. एका अष्टकाच्या चौथ्या चरणाशी आलो आणि ‘दाता’ असं वाचलं. अण्णांनी जुळवलं होतं ‘धाता’. ते थांबले. ‘‘मुळात काय आहे? नीट बघ.’’ धाता म्हणजे ब्रह्मदेव हे मला ठाऊक नव्हतं, आणि आजींच्या अक्षराला गाठी फार होत्या. मी परत न बघताच म्हणालो, ‘‘दाता.’’ वृत्तानंही तक्रार केली नाही. दोन्ही शब्द दोन गुरूंचे. अण्णांनी एक खिळा काढला, दुसरा बसवला.

दोनशे प्रती छापून झाल्यावर आजी स्वतः न्यायला आल्या. त्यांनी कागद हातात घेतला तो वाचायला नव्हेच. डाव्या कडेनं बोट वरून खाली नेलं: अ, नू, रा, दा. मग अण्णांकडे बघून म्हणाल्या, ‘‘नातीचं नाव अनुराधा आहे हो.’’ (‘नु’नं सुरू होणारा शब्द वृत्तात बसेना म्हणून त्यांनी दीर्घ ‘नू’ घेतला होता. एवढी सवलत मराठीत चालते. ‘धा’चा ‘दा’ मात्र चालत नाही.)

मालक आतून आले आणि जे बोलायचं ते बोलले. अण्णा म्हणाले, ‘‘डोळा चुकला माझा.’’ माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. रात्री बसून नव्या दोनशे प्रती काढल्या. बदलायचा होता एकच खिळा.

दुसऱ्या दिवशी मी जाणारच नव्हतो. आईनं ढकललं. अण्णांनी खाकी पिशवीतून एक पोथी काढली, टेंब्ये स्वामींचं सप्तशती गुरुचरित्र. आमच्या भागात नृसिंहवाडीच्या दत्तामुळे ती घरोघरी असे, पण ती अशी वाचायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी पेन्सिल दिली. ‘‘प्रत्येक ओवीचं तिसरं अक्षर. त्याखाली रेघ मार आणि नुसती ती अक्षरं वाच.’’ सात-आठ ओव्यांत मी ओळखलं. आमच्याकडे जेवायला बसताना गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत. तोच, अक्षरामागून अक्षर, ओव्यांच्या आतून उभा खाली उतरत होता.

‘‘यातल्या एखाद्या ओवीत कुणी दोन शब्द इकडचे तिकडे केले तर?’’ अण्णांनी विचारलं. कालच्याबद्दल ते बोलले ते एवढंच.

पुढे हिशेब करून पाहिला. पंधराव्या अध्यायात वीस श्लोक. त्यांतले पंधरा बत्तीस अक्षरांचे, म्हणजे ४८०. पाच त्रिष्टुभ, चव्वेचाळीस अक्षरांचे, म्हणजे २२०. बेरीज बरोबर ७००, सप्तशती. तिसऱ्या श्लोकाच्या पहिल्या चरणात एक अक्षर जादा आहे, ते सोडून. माणगावात १८५४ साली जन्मलेल्या आणि १९१४ साली नर्मदेकाठी गरुडेश्वरला देह ठेवलेल्या त्या संन्याशानं गुरुचरित्राची गोष्ट न अडखळता सांगत हे साधलं. लोक याला चमत्कार म्हणतात. रोज चौकटी भरणाऱ्या माणसाला तो चमत्काराहून मोठा वाटतो, कारण यात किती वेळा खोडावं लागत असेल हे त्याला कळतं.

असा खेळ सगळीकडे चालतो. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचलं, त्यात ‘म’ चालत नसल्यानं खुद्द ‘राम’ लिहायची सोय नाही. लुईस कॅरलनं १८७१च्या पुस्तकाच्या शेवटी एकवीस ओळींच्या आद्याक्षरांत ॲलिस लिडेलचं पूर्ण नाव ओवलं. एडगर ॲलन पोनं पहिल्या ओळीचं पहिलं, दुसरीचं दुसरं असं तिरकं जात एका कवयित्रीचं नाव दडवलं, आणि आधी तिच्या मधल्या नावाचं स्पेलिंगच चुकवलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

कोडं रचताना अण्णांचा खिळा अजून उपयोगी पडतो. आमच्या चौकटीत आडव्या शब्दातला ‘णी’ उभ्या शब्दातही ‘णी’च लागतो, ‘णि’ नाही. दर आठवड्याला पाठवण्याआधी मी डाव्या कडेनं बोट फिरवतो. तिथे काही दडवलेलं नसतं, तरी फिरवतो.

छापखाना बंद झाला, मग अण्णाही गेले. तेराव्याला तिथल्या मशीनवाल्यानं मला सांगितलं की त्या दोनशे कागदांचे पैसे अण्णांच्या पगारातून दोन हप्त्यांत कापले होते. किती, ते त्याला आठवत नव्हतं.

पोथी अण्णांनी त्याच उन्हाळ्यात मला देऊन टाकली होती. तिसऱ्या अक्षरांखालच्या माझ्या रेघा चौथ्या अध्यायात थांबल्या आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाली.