छायेचें गणित

ज्या विद्येचें फळ महिनाअखेर घरांत दिसत नाहीं, तिला एकत्र कुटुंबांत मान बेताचाच मिळतो. वैद्यकी करणारा मुलगा सर्वांना समजतो; वैद्यकीच्या चित्रांचें गणित करणारा समजत नाहीं. म्हणून अशा गणिताची एक हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आमच्या मनांत आहे.

१९५६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत केपटाऊन येथें ॲलन कॉर्मॅक हे विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकवीत असत. तेथील ग्रूट स्खूर रुग्णालयाला किरणद्रव्यांच्या वापरावर देखरेख करणारा माणूस हवा होता, म्हणून ते आठवड्यांतून दीड दिवस तिकडे जाऊं लागले. किरणोपचाराची मात्रा ठरवितांना सारें शरीर एकजिनसी धरतात, हें पाहून त्यांना खटकलें. हाड आणि फुप्फुस किरणांना सारखाच अडथळा कसा करतील? पण आंत कोठें काय आहे, हें बाहेरून कसें कळावें?

जमाखर्चाच्या वहीचें उदाहरण घेऊं. एका पानावरचे सारे आंकडे पुसले गेले, पण उभ्या, आडव्या व तिरप्या ओळींच्या बेरजा तेवढ्या उरल्या, असें समजा. पुरेशा दिशांच्या बेरजा हातीं असल्यास पुसलेला प्रत्येक आंकडा पुन्हां काढतां येतो. देहांतून आरपार गेलेला प्रत्येक किरण अशी एक बेरीजच घेऊन बाहेर पडतो. साध्या क्ष-किरण चित्रांत पुढचें व मागचें एकमेकांवर पडून गोंधळ होतो. बेरजांच्या गणितानें तो सुटतो.

१९५७ मध्यें कॉर्मॅकनीं लाकूड व ॲल्युमिनियम यांची एक चकती करवून प्रयोग केला. मध्यभागीं आंकडे किंचित् निराळे येऊं लागले. चौकशी करतां कळलें कीं, कारागिरानें चकतीच्या मध्यें किंचित् कमी शोषण करणाऱ्या ॲल्युमिनियमची खुंटी बसविली होती! कॉर्मॅकना तिची वार्ताहि नव्हती. गणितानें ती पाहिली. आम्हांला तर साऱ्या हकीकतींत ही खुंटीच अधिक मोलाची वाटते.

त्यांचे निबंध १९६३ व १९६४ सालीं प्रसिद्ध झाले, आणि जवळजवळ कोणींच दखल घेतली नाहीं. प्रत मागविणाऱ्यांत लक्षांत राहण्याजोगी एक स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणारी संस्था! हें गणित १९१७ सालींच योहान राडोन यांनीं सोडवून ठेवलें होतें, हेंहि कॉर्मॅकना चौदा वर्षांनीं समजलें.

इकडे इंग्लंडांत, ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळें आपल्या घरांना परिचित असलेल्या ई. एम. आय. कंपनींत, गॉडफ्री हाऊन्सफील्ड स्वतंत्रपणें त्याच वाटेनें चालले होते. पहिल्या प्रयोगांत मोजमापें घेण्यास नऊ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडननजीक विंबल्डन येथील रुग्णालयांत एका स्त्रीच्या मेंदूचें चित्र निघालें आणि गांठ स्पष्ट दिसली. १९७९ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालें. दोघांपैकीं वैद्य कोणीच नव्हते.

आमच्या थोरल्या बंधूंची कन्या आज असेंच काम करते. चित्रांतील पुसट कडा संगणकास ओळखतां याव्या म्हणून ती करड्या ठिपक्यांचे आंकडे जुळवीत बसते. शिष्यवृत्ति यंदा संपते, व तिनें आतां पगाराची नोकरी धरावी असा अण्णांचा हट्ट आहे. हेच अण्णा चार वर्षांपूर्वीं न्हाणीघरांत पडले. खरचटलेंहि नव्हतें; पण तीन आठवड्यांनीं शब्द अडखळूं लागले. सी. टी. चित्रांत कवटीखालीं साचलेलें रक्त दिसलें, तें वेळेवर काढलें, म्हणून आज हट्ट करावयास ते आमच्यांत आहेत. आम्हीं हें त्यांना स्पष्ट बोलून दाखविलें, व पुढील दोन वर्षें तिचा खर्च सामाईकांतून चालवावा असेंहि सुचविलें.

"तें यंत्र झालें. हिचें यंत्र कोठें आहे?" असें ते म्हणाले.

१९६३ सालीं कॉर्मॅकचें तरी कोठें होतें? वहिनींनीं अद्याप कोणाचीच बाजू घेतलेली नाहीं. परवां मात्र अण्णांनीं आपलीं तीं जुनीं चित्रें कपाटांतून काढलीं, लेकीपुढें धरलीं, आणि यांत रक्त तें कोणतें, एकदां दाखव म्हणाले.