लसूण, हिरॉईन आणि जेम्स बॉण्ड

गेल्या वीकेंडला पाऊस नुसता मी म्हणत होता. सिंहगडाचा बेत फिसकटला, बायको माहेरी, फ्रीजमध्ये कालची आमटी. अशा वेळी माणसानं काय करावं? मी ठरवलं, जुने बॉण्डपट पहिल्यापासून क्रमानं बघायचे. रविवारी रात्री डोळ्यांची पार वाट लागेपर्यंत सहा झाले. (सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद होता, त्याचं खरं कारण हे. नेटवर्क ठणठणीत होतं.)

आता बॉण्ड बघणारी मंडळी बॉण्ड बघतात, गाड्या बघतात आणि, खोटं कशाला बोला, हिरॉईनी बघतात. माझ्या डोक्यात मात्र ह्या वेळी भलताच किडा वळवळायला लागला. कॅमेरा बंद झाल्यावर ह्या दोघांचं एकमेकांशी कसं होतं? पडद्यावर बर्फात, पाण्याखाली, होडीत, कुठेही प्रेम उतू जातंय, पण दुपारी जेवायला दोघं एका टेबलावर बसायचे का? शेवटी तेही एक ऑफिसच की हो. सहा-आठ महिन्यांचा प्रोजेक्ट, डेडलाईन, डोक्यावर बसलेला क्लायंट, आणि शेजारच्या खुर्चीत कोण येणार हे आपल्या हातात नाही.

पहिल्या पाच सिनेमांत शॉन कॉनरी. त्याचं आणि 'डॉ. नो'मधल्या (१९६२) उर्सुला अँड्रेसचं छान जमलं, पुढे कित्येक वर्षं दोस्ती टिकली. 'गोल्डफिंगर'मधली (१९६४) ऑनर ब्लॅकमन त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी होती आणि सिनेमात ज्युदोनं त्याला लोळवतेसुद्धा. तिथं काही सनसनाटी नाही, पुढे जाऊ.

सनसनाटी आहे ती सहाव्यात. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', १९६९. कॉनरी कंटाळून निघून गेलेला, त्याच्या जागी जॉर्ज लॅझेन्बी. खोटा एक्स्पीरियन्स दाखवून इंटरव्ह्यू काढणारे महाभाग आपल्याकडे असतात ना, त्यांचा हा मूळपुरुष. ऑस्ट्रेलियात गाड्या विकायचा, मग लंडनला येऊन मॉडेलिंग करायला लागला, चॉकलेटच्या जाहिरातीत झळकला. सिनेमातल्या अभिनयाचा अनुभव शून्य. पठ्ठ्यानं कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले, कॉनरीच्या शिंप्याकडे त्याच्यासाठी शिवलेला आणि तसाच पडून राहिलेला सूट पटकावला आणि तो घालून निर्मात्यांच्या ऑफिसात जाऊन खुशाल थापा मारल्या. शेवटी दिग्दर्शक पीटर हंटला त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. हंटला हसू आवरेना. एवढ्या बेरकी निर्मात्यांना ज्यानं बनवलं तो नट नाही तर कोण, असं त्याचं म्हणणं पडलं. काम पक्कं.

आणि समोर कोण? डायना रिग! रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेली, 'द अव्हेंजर्स' ह्या ब्रिटिश टीव्ही मालिकेतली एमा पील म्हणून घराघरात पोचलेली. (हे अव्हेंजर्स ते मार्व्हलवाले नव्हेत.) वयानं ती लॅझेन्बीपेक्षा जेमतेम एका वर्षानं मोठी, पण अनुभवानं पंजोबांच्या जागी. निर्मात्यांनी हिशेब करूनच तिला घेतलं होतं. हिरो कच्चा आहे, तर हिरॉईन पक्की हवी. फ्रेशरबरोबर सीनियर टाकतात, तसं.

तर लसणाची गोष्ट. पाइनवुड स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये जेवणाची सुट्टी. नंतर दोघांचा प्रेमप्रसंग शूट व्हायचा होता. रिगनं लांबूनच लॅझेन्बीला हाक मारून सांगितलं, की मी लसूण घातलेलं खातेय, तूही तेच खा बरं का. सरळसरळ थट्टा. दोघांनी लसूण खाल्ला तर कुणाला कुणाचा वास येत नाही, हे ठेचा-भाकरी खाणाऱ्यांना कुणी शिकवायला नको. पण ती थट्टा पत्रकारांपर्यंत पोचली आणि छापून आलं ते असं, की रिगला हा माणूस इतका नकोसा आहे की चुंबनाच्या आधी ती मुद्दाम लसूण खाऊन येते. संपलं. दोघांनीही पुढे ह्याचा इन्कार केला, उपयोग शून्य. आजही लॅझेन्बी म्हटलं की लोकांना लसूण आठवतो.

म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. सेटवर तो वागायला अवघड होता असं रिगनं नंतरच्या मुलाखतींत म्हटलंय, आणि एका सिनेमातच स्वतःला स्टार समजायला लागलेला माणूस अवघड असणारच. सिनेमा लागायच्या आधीच त्यानं जाहीर केलं की मी पुन्हा बॉण्ड करणार नाही. हिप्पींचा जमाना आलाय, सूटबूटवाले हेर आता कोण बघणार, असं त्याच्या सल्लागारानं भरवलं होतं. प्रीमियरला स्वारी दाढी आणि लांब केस वाढवून हजर! पण वैर? ते नव्हतं. २०२० साली रिग गेली तेव्हा लॅझेन्बीनं लिहिलं त्यात तिच्या अनुभवाचा आपल्याला फायदा झाला असं मोकळेपणानं मान्य केलं, आणि आमच्या मतभेदांचा तेव्हा उगाच गाजावाजा झाला होता असंही म्हटलं. तिनं आपल्याला शिकवलं हे म्हणायला त्याला पन्नास वर्षं लागली, पण म्हणाला. मला बरं वाटलं.

आता गंमत बघा. ज्यांचं पटत नव्हतं असं जग म्हणतं त्यांची गोष्ट ही अशी. आणि ज्यांचं पटायचं त्यांची?

'द अव्हेंजर्स'मधला हिरो पॅट्रिक मॅक्नी. डोक्यावर गोल हॅट, हातात छत्री, अस्सल इंग्लिश सभ्य गृहस्थ. हेरपटांत त्याच्या आणि रिगच्या इतकी झकास जोडी दुसरी नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. प्रत्यक्षातही दोघांचं छान होतं, २०१५ साली तो गेला तेव्हा आपण त्याचं खूप देणं लागतो असं रिग म्हणाली होती. पण ह्याच मालिकेत काम करताना रिगला एक दिवस कळलं की आपल्याला कॅमेरामनपेक्षाही कमी पैसे मिळताहेत. मालिकेची हिरॉईन! ती बोलली, उघडपणे बोलली. पैसे वाढवून मिळाले, पण वर्तमानपत्रांनी तिला पैशाची हावरट ठरवलं. हे १९६० च्या दशकातलं. २०१९ साली, वयाच्या ऐंशीनंतर, तिनं एका मुलाखतीत हे सांगितलं आणि म्हणाली की तेव्हा इंडस्ट्रीतली एकही बाई माझ्या बाजूनं उभी राहिली नाही. आणि मॅक्नीही नाही.

हे वाचून मी जरा थांबलोच. मॅक्नीनं काही वाईट केलं नाही. त्यानं काहीच केलं नाही. तो गप्प बसला. सेटवर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच छान वागला असणार, दार उघडून धरलं असणार. आणि हिला पन्नासएक वर्षांनंतर ते दार नाही, ती शांतता आठवत होती. हा मुद्दा मला का टोचला ते पुढे सांगतो.

रॉजर मूर हा बॉण्डमधला आपला देवमाणूस. सेटवर टवाळक्या करणार, सगळ्यांची चौकशी करणार. १९८२ मध्ये 'ऑक्टोपसी'च्या शूटिंगला उदयपूरला आला होता, तेव्हाची त्याची हिरॉईन मॉड अ‍ॅडम्स. तिनं १९७४ साली 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्येही त्याच्याबरोबर काम केलं होतं आणि त्यात ती मेलेली असूनही तिला दुसऱ्या भूमिकेत परत बोलावलं, ह्यावरून काय ते समजा. पण त्याची सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणजे मनीपेनी झालेली लोइस मॅक्सवेल. दोघं लंडनच्या राडा नाट्यसंस्थेत एका वेळी शिकायला होते. तिनं १९६२ ते १९८५ अशा चौदा बॉण्डपटांत काम केलं. २००७ साली ती गेली तेव्हा मूर म्हणाला की तिला बढती देऊन 'एम' करायला हवं होतं. काय बरोबर बोलला! तेवीस वर्षं साहेबाच्या केबिनबाहेर बसून सगळ्या फायली तिनं सांभाळल्या, आणि खुर्ची रिकामी झाली की माणूस बाहेरून आणायचा. तुमच्या ऑफिसात अशी एक तरी असेल, आठवून बघा.

आणि ह्या देवमाणसाचाही एकदा तोल गेलाच. १९८५ चा 'अ व्ह्यू टू अ किल', समोर ग्रेस जोन्स. ती आपल्या खोलीत ढणाणा संगीत लावायची. मूरनं आत्मचरित्रात कबूल केलंय की एक दिवस तो तिच्या खोलीत घुसला, प्लग उपटला आणि खुर्ची भिंतीवर फेकली. जिच्याविषयी चांगलं बोलता येत नाही तिच्याविषयी गप्प बसावं, असं म्हणून तो पुढे गप्प बसला. अर्थात ती खुर्ची सांगून झाल्यावर. :-) त्याच सिनेमाच्या वेळी त्याला कळलं की हिरॉईन तान्या रॉबर्ट्सची आई आपल्यापेक्षा लहान आहे. तेव्हा त्यानं ५७ व्या वर्षी रिटायर व्हायचं ठरवलं. शहाणा माणूस. आपल्याकडच्या काही हिरोंना ही गणिताची पद्धत कुणीतरी मेल करा.

आता माझ्या दुखऱ्या जागेवर येतो. १९९७, 'टुमॉरो नेव्हर डाइज', पिअर्स ब्रॉस्नन. ह्यात त्याच्या दोन हिरॉईनी. मिशेल योवर तो बेहद्द खूश होता. दोघं एकाच बेडीत अडकून मोटरसायकल पळवतात तो पाठलाग आठवतोय ना? सिनेमात ते सायगाव आहे, शूटिंग बँकॉकला झालं. दुसरी टेरी हॅचर. ती सेटवर उशिरा यायची, ह्याला ताटकळत बसावं लागायचं. ब्रॉस्नन वैतागला, आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर चार बरे नसलेले शब्द बोलून गेला. मग कळलं की ती गरोदर आहे. त्याला अतिशय ओशाळल्यासारखं झालं, आणि हे सगळं त्यानं स्वतःच पत्रकारांना सांगितलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी, आधीच्या एका कंपनीत, मी नवानवा लीड झालो होतो. रिलीज तोंडावर आलेली. सकाळी साडेनऊला स्टँडअप असायचा आणि टीममधली एक मुलगी रोज दहा, सव्वादहा करायची. एक दिवस मी आठ जणांसमोर म्हणालो, "तुझ्यासाठी कंपनीची बस वेगळी सुटते का ग?" लोक हसले. मलाही माझा विनोद आवडला होता, हे खोटं नाही सांगत. दोन आठवड्यांनी कळलं. सकाळी मळमळायचं, बसमधून मध्येच उतरावं लागायचं, थोडं बसून ती मागची बस पकडायची.

मी पॅन्ट्रीत तिला गाठून सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "ठीक आहे रे. पण तू बोललास आठ जणांसमोर, आणि सॉरी म्हणतोयस कॉफी मशीनसमोर."

उद्या स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं, असं मी त्या रात्री ठरवलं. नाही बोललो. दुसऱ्या दिवशी बिल्ड फुटलं होतं, मग रिलीज, मग पुढची रिलीज. नंतर ती रजेवर गेली आणि परत आली तेव्हा मी दुसऱ्या प्रोजेक्टवर होतो. आमचं तसं छान होतं. डबा एकत्र खायचो. म्हणून तो मॅक्नी टोचला.

डॅनियल क्रेगची एक गोष्ट मला ह्याच्या उलट टोकाची वाटते. 'कॅसिनो रॉयाल' (२००६). मारामारी बघून हादरलेली एव्हा ग्रीन शॉवरखाली बसून थरथरतेय असा प्रसंग. पटकथेत ती अंतर्वस्त्रांवर होती. क्रेग म्हणाला, एवढी घाबरलेली बाई आधी कपडे काढत बसेल का? मग ती पूर्ण कपड्यांत तशीच भिजत बसली, आणि हा कपड्यांसकट शेजारी जाऊन बसला. बॉण्डच्या इतक्या सिनेमांतला तो माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे. शूटिंगच्या आधी, काम करणाऱ्या सगळ्यांच्या देखत, वेळेवर बोलला. बस्स.

असो. रविवारी रात्री साडेबाराला मी सहाव्याच्या शेवटाला पोचलो. लग्न झालंय, गाडीवर फुलं आहेत, आणि गोळीबारानंतर रिग लॅझेन्बीच्या मांडीवर निपचित पडलीय. हा प्रसंग पोर्तुगालमध्ये, अर्राबिदाच्या डोंगरातल्या रस्त्यावर चित्रित केला. पहिल्या टेकला लॅझेन्बी, तो बिनअनुभवी, थापाडा, लसणाच्या गोष्टीतला लॅझेन्बी, खरोखर रडला. हंट म्हणाला, बॉण्ड रडत नाही, पुन्हा घेऊ. सिनेमात आहे तो दुसरा टेक. मी तो तीनदा मागे नेऊन बघितला. डोळे कोरडे आहेत, पण तिच्या केसांत त्यानं चेहरा लपवलाय तो लवकर वर काढत नाही.