मालवणच्या पाण्यात उतरण्यापूर्वीची खरेदी

गगनबावड्याहून घाट उतरून मालवणात येणाऱ्या कोल्हापूर-सांगलीकडील कुटुंबांना आता केवळ सिंधुदुर्गाचे आकर्षण उरलेले नाही. १६६४ साली शिवछत्रपतींनी ज्याच्या बांधकामास आरंभ केला, त्या किल्ल्याभोवतीच्या पाण्यात उतरून प्रवाळ आणि मासे पाहण्याची ओढ तरुण पिढीस लागली आहे. जवळच तारकर्लीस पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकविणारी संस्था आहे. तेथे बुडी मारून आलेला मुलगा पुढच्या वर्षी स्वतःच्या साधनांचा हट्ट धरतो आणि वडिलांना मोठ्या शहरातील खास दुकानाची पायरी चढावी लागते.

कापडबाजारातील सवयी या दुकानात फारशा उपयोगी पडत नाहीत. भाव विचारण्यापूर्वी मास्क चेहऱ्यावर बसतो की नाही, हे पाहावयाचे असते. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. जागीच चिकटून राहिला तर तो आपला. गळून पडला तर कितीही महागाचा असो, परत ठेवावा. मिशा राखणाऱ्यांना ही परीक्षा अवघड जाते, कारण केसांतून पाणी झिरपते. पोहण्याचा साधा गॉगल येथे चालत नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेव्हा नाकाने मास्कमध्ये थोडी हवा सोडावी लागते, अन्यथा डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. नाक बाहेर ठेवणाऱ्या गॉगलमध्ये ती सोयच नाही. काही मास्कना नंबराच्या काचाही बसविता येतात. वर्षानुवर्षे खातेवहीवर डोळे शिणविलेल्यांनी ते अवश्य विचारून घ्यावे.

निओप्रीनचा पोशाख अंगास घट्ट हवा. कोकणच्या कोमट पाण्यास ३ मिलिमीटर जाडी बहुधा पुरते; त्याहून जाड माल गळ्यात मारणाऱ्यापासून सावध असावे.

खरा प्रश्न रेग्युलेटरचा. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा कोंबलेली असते. तो दाब उतरवून श्वासाजोगी हवा तोंडाशी आणणारे हे यंत्र. जुना रेग्युलेटर निम्म्या किमतीत मिळतो आणि व्यापारी मन तेथेच घुटमळते. परंतु आतील रबरी कडी सुकलेली असतील, मीठ साचले असेल, तर ते बाहेरून दिसत नाही. म्हणून किमतीपेक्षा आधी विचारावे, की याची दुरुस्ती कोण करतो आणि कोणत्या शहरात? चांगला दुकानदार उलट स्वतःच विचारतो, "प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे का?" नसेल तर मास्क आणि स्नॉर्केल देऊन तो बाकीचे थांबवितो. हाती आलेले गिऱ्हाईक असे थांबविणाऱ्याकडेच पुढची खरेदी करावी.

टाकी मात्र विकत घेऊ नये. मालवणात ती बुडीबरोबरच मिळते. परतल्यावर सारे सामान गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि बुड्या बंद. रेग्युलेटर तपासणीस धाडण्याचे तेच दिवस.