नोव्हगोरोदचे दार आणि क्रूस

रशियात वोल्खोव नदीच्या तीरावर वसलेल्या वेलिकी नोव्हगोरोद या प्राचीन नगरात जाणाऱ्या कॅथोलिक भाविकाने सर्वप्रथम सोफिया कॅथेड्रलचे पश्चिमद्वार पाहावे, असे आम्ही सुचवितो. मंदिर ऑर्थोडॉक्स बांधवांचे. १०४५ ते १०५० या काळात उभारलेले. (सोफिया म्हणजे येथे कुणी संत स्त्री नव्हे, तर परमेश्वराची पवित्र प्रज्ञा.) ते कांस्यद्वार मात्र आपल्या लोकांचे! जर्मनीतील माग्डेबुर्गच्या कारागिरांनी बाराव्या शतकाच्या मध्यास ते पोलंडमधील प्वॉत्स्कच्या बिशपांसाठी घडविले. बायबलमधील प्रसंग, बिशप अलेक्झांडर यांची मूर्ती, लॅटिन अक्षरे आणि त्यांच्या शेजारी मागाहून कोरलेली रशियन अक्षरे, हे सारे न्याहाळीत आम्ही बराच वेळ उभे होतो. खाली जर्मन कारागिरांच्या जोडीला अवराम नावाच्या रशियन कारागिराची आकृतीही आहे. दार येथवर कसे आले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्वॉत्स्कच्या कॅथेड्रलला आज त्याची प्रतिकृती आहे.

दाराहून आम्हांस अस्वस्थ करतो तो क्रूस. मधल्या घुमटावरील क्रूसावर धातूचे कबुतर असे. १५७० साली झार चौथ्या इव्हानच्या सैन्याने नगरात कत्तल मांडली, तेव्हा क्रूसावर विसावलेले कबुतर ते पाहून जागीच थिजले, अशी आख्यायिका आहे. ते तेथे आहे तोवर नगर सुरक्षित, ही लोकांची श्रद्धा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नगर व्यापले. तोफमाऱ्यात कोसळलेला तो क्रूस, त्यांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश सैनिकांनी मायदेशी नेला. कॅथोलिक देशाचे हे सैनिक! विजयचिन्ह म्हणून नेला की वाचविण्यासाठी, दोन्ही म्हणणी ऐकू येतात. वाचविलेली वस्तू परत करावयास साठ वर्षे का लागावीत, एवढेच आम्ही विचारतो. २००४ साली स्पेनने क्रूस परत केला. आता तो मंदिराच्या आत आहे, घुमटावर प्रतिकृती. आम्ही त्याच्यापुढे गुडघे टेकले, तेव्हा शेजारच्या वृद्ध रशियन बाईंनी आपली मेणबत्ती आमच्या मेणबत्तीवर पेटवून घेतली.

नदीपलीकडे, इल्यिना रस्त्यावरील रूपांतराच्या मंदिरात ग्रीक चित्रकार थिओफानिस याने १३७८ साली रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. घुमटातील ख्रिस्ताची नजर चुकविता येत नाही.

नगरात आपलेही एक मंदिर आहे, संत पेत्र व संत पौल यांचे, १८९३ सालचे. सोव्हिएत राजवटीत त्याचे चित्रपटगृह झाले होते. आता तेथे पुन्हा मिस्सा होते.